बारकाका आणि नाचणीची दारू

बंदूक भरत असताना बारकाका कोणाशीही बोलत नसत. एकदा नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तलाठी त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. आधी "कोण आहे का घरात?" म्हणून विचारलं, मग समोरच बसलेल्या काकांना नावाने हाक मारली, मग आवाज चढवला. काका मान खाली घालून नळीत गज सारत राहिले. तलाठी तणतणत निघून गेले आणि त्या वर्षी काकांच्या शेताचा पंचनामा झालाच नाही. मी तिथेच होते. म्हटलं, "काका, एक मिनिट थांबा, एवढं तरी म्हणायचं." तर म्हणाले, "थांबा म्हणायला पण तोंड उघडावंच लागतं ना गो."

बारकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बंदुकीच्या आवाजाला आमच्याकडे बार म्हणतात. आमच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहणारे हे काका भात पोटरीला आल्यापासून कापणी होईपर्यंत दिवेलागणीला एक आणि पहाटे एक असे दोन बार काढायचे. त्या आवाजाने रानडुकरं डोंगरात मागे सरायची आणि खालच्या पंचवीस-तीस घरांची शेतं राखली जायची. पहाटेचा बार झाला की बायका चुली पेटवायच्या. गणपतीला मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने मात्र त्यांना विचारलं होतं, "काका, तुमचा बार आहे म्हणे. फॅमिली अलाऊड आहे का?" काका गंभीरपणे म्हणाले, "हाय की. फक्त कानात बोटं घालून बसायचं."

त्यांची बंदूक ठासणीची होती, पीक राखण्यासाठीच्या परवान्यावरची. काडतूस घातलं आणि मोकळे झालो असं तिच्यात नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा घालायचा, तो लांब लोखंडी गजाने ठासायचा आणि सगळ्यात शेवटी मागच्या बाजूला, जिथे घोडा आपटतो तिथे, ठिणगी पाडणारी बारीकशी टोपी, म्हणजे केप, बसवायची. एक बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. छरे काका कधीच घालत नसत. "डुकराला मारायचं नाय. कोणतरी जागं हाय एवढं त्याला कळलं की झालं," असं म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी नुसता आवाजच काढला.

अगदी तशीच एक बंदूक आमच्याही घरी होती. माजघरातल्या खुंटीवर, तेलकट फडक्यात गुंडाळलेली. परवाना बाबांच्या नावावर. दर वेळी ते तो न चुकता नवा करून आणायचे, पण बंदूक खाली काढलेली मी कधी पाहिली नाही. लहानपणी मी विचारायची, "बाबा, तुम्ही का नाही बार काढत?" ते म्हणायचे, "तिकडे तो काढतोय ना." तेवढंच. त्यांनी मला पोहायला शिकवलं, बैल धरायला शिकवलं, स्कूटर शिकवली. बंदुकीचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचे.

बाबा गेले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. लग्न केलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. घरी आई आणि मी, आणि डोंगराला लागून आठ खाचरं भात. ड्यूटी सांभाळून शेत करायचं तर राखण हवीच. म्हणून परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा ठरवलं, आणि तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो सांगायला गेलं तर हा कागद पुरणार नाही. अलिबागला जिल्हा कचेरीच्या फेऱ्या झाल्या. पोलीस चौकशीला आले तेव्हा मी कामावर, मी घरी असले की ते येत नसत. "बाईमाणसाला कशाला हवी बंदूक?" हा प्रश्न मला चार टेबलांवर चार जणांनी विचारला. मग समजलं की बंदूक हाताळता येते असा प्रशिक्षणाचा दाखला लागतो. रजा काढून तेही केलं. तिथे सगळ्या गुळगुळीत नव्या बंदुका. ठासणीची कशी भरायची असं विचारल्यावर शिकवणारे हसले, "मॅडम, ती वस्तुसंग्रहालयाला देऊन टाका." दाखला मिळाला. बंदूक मात्र मला भरता येत नव्हती ती नव्हतीच.

परवाना हातात आला तो श्रावणात. त्याच सुमाराला बारकाकांनी गावात सांगून टाकलं होतं, "माझा खांदा गेला. औंदा माझ्या बारावर राहू नका." त्यांचा मुलगा दिनेश विरारला नोकरीला, बायको वारलेली, बंदूक उचलणारं घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे वरच्या अंगाला परवाना असलेली आता एकटी मीच. मी बाबांची बंदूक घेऊन त्यांच्या अंगणात गेले. म्हटलं, "काका, मला शिकवा." त्यांनी बंदूक हातात घेतली, नळीत डोळा घालून पाहिलं, घोडा दोनदा मागेपुढे केला. "नीट ठेवलीन त्यानं," असं स्वतःशीच म्हणाले. मग आत गेले आणि वाटीभर नाचणी घेऊन आले.

"ही तुझी दारू," म्हणाले.

मला वाटलं, एक-दोन दिवसांचा प्रकार असेल. दाणा बारीक, काळपट, हातातून दारूसारखाच घरंगळतो, हात बसेपर्यंत ठीक आहे. मी नाचणी मापात घेतली, नळीत ओतली, काथ्या घातला, गज मारला. काका म्हणाले, "फिरून." मी विचारलं, "काय चुकलं?" ते म्हणाले, "आधी नळीला इचारलंस का?"

नळीला विचारायचं म्हणजे भरण्याआधी गज रिकाम्या नळीत सोडून बघायचं. गजाला त्यांनी लाल दोरा बांधला होता. नळी रिकामी असेल तर दोरा बरोबर तोंडाशी येतो. दोरा वर राहिला तर आत काहीतरी आहे. मी म्हटलं, "पण काका, आत काही नाही हे आपण दोघांनी आत्ताच पाहिलं." ते म्हणाले, "तू पाह्यलंस. नळीला इचारलं नायस. फिरून."

फिरून भरायची म्हणजे आधी रिकामी करायची. गजाच्या टोकाला आकडा लावून काथ्या ओढून काढायचा, बंदूक उलटी करून नाचणी अंगणात ओतायची. काकांच्या कोंबड्या दुसऱ्याच दिवसापासून माझ्या स्कूटरचा आवाज ओळखू लागल्या. मी बसले की त्या माझ्याभोवती अर्धवर्तुळ करून उभ्या राहायच्या आणि माझ्या चुकीची वाट बघायच्या. त्यांना फार थांबावं लागत नसे. त्या पावसाळ्यात त्या कोंबड्या इतक्या माजल्या की शेजारणी काकांना विचारू लागल्या, काय चारता म्हणून.

पण खरा छळ पुढेच होता. मी मान खाली घालून भरत असताना काका मध्येच मायेने विचारायचे, "सुलू, आयशीचा गुडघा कसा हाय गो?" मी म्हणायची, "बरा आहे." की लगेच, "फिरून." दुसऱ्या दिवशी मी सावध. काका म्हणाले, "अगो, स्कूटरवर माकड बसलंय बघ." मी मान वळवली. "फिरून." एकदा फोन वाजला, मी नुसतं कोणाचा आहे ते बघितलं. "फिरून." कारखान्यात मी दशांशानंतरच्या चौथ्या आकड्यापर्यंत वजनं करते, तिथले साहेब माझी सही बघितली की पुन्हा तपासत नाहीत. आणि इथे हा चौथी शिकलेला म्हातारा मला मूठभर नाचणीवर नापास करत होता. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "मापात नाय चुकत तू. माप बेस हाय तुझं. ध्यानात चुकतेस." त्याने तर माझा राग आणखीच चढला.

आईला हे अजिबात पसंत नव्हतं. तिचा काकांवर जुना राग होता. बाबांचे एवढे जिवलग, पण ती लग्न होऊन आल्यापासून हा माणूस आमच्या घराची पायरी चढला नव्हता. लग्नाला नाही, माझ्या बारशाला नाही. बाबा त्यांच्याकडे जायचे, ते कधी आले नाहीत. "माणूसघाणा आहे तो," आई म्हणायची. "तुझ्या बाबांनी किती केलं त्याच्यासाठी. गिरणीत बोटं गेली तेव्हा हेच घेऊन गेले होते दवाखान्यात." काकांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. तरुणपणी ते पोलादपूरला भाताच्या गिरणीवर कामाला होते, तिथे पट्ट्यात गेली, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दीड महिना झाला. भात पोटरीला आलं, मग फुलोऱ्यात गेलं, दाणा भरू लागला. पहाटेचा बार बंद होता आणि डुकरांना ते आमच्याआधी कळलं होतं. रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात नासधूस व्हायची आणि लोक मला वाटेत अडवून विचारायचे, "काय गो, शिकलीस की नाय?" मी काकांना म्हणायची, "काका, आता तरी." ते म्हणायचे, "सलग वीस येळा भर न चुकता. मग बघू." माझे अकरा व्हायचे, बारा व्हायचे, एकदा सतरा झाले. अठराव्याला खालून आईने हाक मारली आणि मी "ओ" दिली.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी शेतावर गेले तर वरची तीन खाचरं आडवी. लोळून, उकरून, चघळून टाकलेलं भात चिखलात पडलं होतं. लोंब्या हातात घेतल्या तर दूध भरलेली, अजून आठ-दहा दिवसांत पिवळी झाली असती. मी तशीच, गुडघाभर चिखलाच्या पायांनी, काकांच्या अंगणात गेले. ते चहा पीत होते.

"तीन खाचरं गेली," मी म्हटलं. "तीन! दीड महिना मी तुमच्या कोंबड्या पोसतेय. कामावरून दमून येते, घरचं टाकून येते, आणि तुम्ही माझी मजा बघता. बाई आहे म्हणून विश्वास नाही ना तुमचा? मग तसं तोंडावर सांगा. बाबा असते तर त्यांनी मला एका दिवसात शिकवलं असतं!"

काकांनी कप खाली ठेवला. मग डावा हात माझ्यासमोर धरला.

"ही बोटं कुटं गेली, ठाव हाय?"

"गिरणीत."

"गिरणीत नाय गेली." त्यांनी मला बस म्हणून खूण केली. मी बसले नाही. ते तसेच सांगू लागले. "तुझा बापूस नि मी एकत्र राखण करायचो. त्या दिशी मी हितंच बसून बंदूक भरत व्हतो. दारू घातली, काथ्या ठासला. तेवढ्यात तुझा बापूस बांधावरनं धावत आला. पोरगी बघून आला व्हता. तुझी आय. केस केवढे हायत, हसते कशी, पव्ह्याची बशी देताना लाजली कशी. तोंड बंद व्हईना त्याचं. मी पण ऐकत बसलो. मला पण गोड वाटत व्हतं गो. मग गज उचलला आनि पहिल्यापासनं भरायला लागलो. आत एक भर हाय ते दोघंबी इसरलो."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. बार काढला नि नळी मागल्या अंगाला फुटली. माझी बोटं गेली. एक तुकडा तुझ्या बापसाच्या गालाला फाडून गेला. डोळ्याखाली बोटभर."

बाबांच्या उजव्या गालावर, डोळ्याखाली, एक जुना व्रण होता. बैलगाडीवरून पडलो होतो, असं ते सांगायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी त्या व्रणावरून बोट फिरवायची.

"पण मग गिरणीत गेली असं का सांगितलंत?"

मी अगदीच साधी गोष्ट विचारल्यासारखे काका माझ्याकडे बघत राहिले. "पोरगी पसंत केली नि त्याच दिशी रगत सांडलं. लोक काय बोलले असते? पांढऱ्या पायाची म्हटली असती तिला. लगीन मोडलं असतं, नायतर जलमभर आयकवलं असतं. आमी दोघांनी ठरवलं, गिरणीत गेली. फुटलेली बंदूक गंजली म्हणून जमा केली नि पुढं दुसरी घेतली. तुझ्या बापसानं मातर फिरून हात लावला नाय." मग म्हणाले, "तुमच्या घरात मी येत नाय तो हाच्यासाठीच. तिच्यासमोर ह्यो हात लपवता येत नाय मला. इचारलंन कधी, तर खोटं बोलवणार नाय."

मी तेव्हा खाली बसले. राग कुठे ठेवावा हे मला कळेना. बाबांचा आला, की मला त्यांनी काहीच सांगितलं नाही. काकांचा आला, की हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी एकदाही मान वर केली नसती. दोघांचाही पुरता राग धरता येत नव्हता हे आणखी वाईट.

त्या दिवशी मी वीसच्या वीस वेळा भरली. मध्ये काकांनी आईचा गुडघा विचारला, माकड दाखवलं, शेवटी स्वतः खोकल्याची ढास लागल्याचं नाटक केलं. मी बघितलं नाही. विसाव्या वेळी ते म्हणाले, "उद्या खरी दारू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस पाटील दारात. निवडणूक लागली होती. परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागेपर्यंत. नोटिशीवर सही करताना मी इतक्या जोरात पेन दाबलं की कागद फाटला. पाटील म्हणाले, "माझ्यावर कशाला रागावतेस गो? मी काय उभा हाय काय निवडणुकीला?"

आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून पोलादपूरला गेलो. मागे काका, त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेल्या दोन बंदुका. ठाण्यात मी हवालदारांना विनवून सांगितलं, "साहेब, भात तयार होत आलंय. पंधरा दिवस द्या, नुसता आवाज काढायचा आहे." ते पावती फाडत म्हणाले, "ताई, मला कळतं. पण डुकरांना मतदान नाही." काकांनी आपली बंदूक टेबलावर ठेवण्याआधी गज काढला, नळीत सोडला, लाल दोरा तोंडाशी आला का ते पाहिलं आणि मगच हवालदारांच्या हातात दिली. माझीही तशीच. मागे रांग लागली होती, लोक चुळबुळ करत होते. काकांना त्याचं काही नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही डबे वाजवले. मी पहाटे कामावर जाण्याआधी, काका दिवसभर. फटाके लावले, जुन्या साड्या बांधल्या, शेणाच्या गोवऱ्यांचा धूर केला. डुकरं पहिले दोन दिवस बिचकली, मग सरावली. काका बांधावर बसून तेलाचा डबा बडवत म्हणायचे, "ह्याला तर माझी कोंबडी पण भीत नाय." आठातली साडेतीन खाचरं हाती लागली. खालच्या घरांचंही थोड्याफार फरकाने तेच. मला कोणी काही बोललं नाही, पण वाटेत अडवून विचारणंही बंद झालं.

निकाल लागला, बंदुका परत मिळाल्या. शेतं तोवर मोकळी झाली होती. मी काकांना म्हटलं, "आता तरी एक बार काढू द्या. तुमच्यासमोर." ते म्हणाले, "पीक नाय, डुकर नाय. बार कुणाला ऐकवायचा? पुढल्या वर्साला." मी खूप वाद घातला. एकच, फक्त एकच, चुकलं तर तुम्ही सांगाल. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "घरी टांगून ठेव."

पौषात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. महाडला दवाखान्यात बारा दिवस होते. मी ड्यूटी सुटली की जायची. दिनेश आला, सगळी धावपळ त्याने केली, आणि एक दिवस म्हणाला, "ताई, मी त्यांना विरारला नेतो. इथे कोण बघणार?" बरोबरच होतं. त्याने काकांची बंदूक कायमची जमा केली, कोंबड्या शेजारणीला दिल्या, घराला कुलूप लावलं.

वीर स्टेशनवर गाडी उशिरा होती. रिक्षातून उतरवून आम्ही काकांना फलाटावरच्या बाकावर बसवलं. दिनेश तिकिटाचं बघायला गेला. मी त्यांच्याशेजारी बसले. काहीतरी चांगलं बोलावं असं घरून ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुम्ही मला एकदा तरी बार काढू द्यायला हवा होतात," मी म्हटलं. "अर्धवट शिकवून चाललात. आता मी कोणाला विचारू?" माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या बाकावरच्या बायका बघायला लागल्या. काकांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती. गाडी येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नसावी, एवढ्या वर्षांनी तिला कोण काय म्हणणार? पण ज्यांनी ठरवलं त्यातले एक गेले आणि दुसऱ्यांना विचारता येत नाही. त्या दिवशी काका विरारला गेले हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "जाताना तरी यायचं होतं घरी." मी मान फिरवून भांडी घासायला घेतली.

यंदा पाऊस वेळेवर झाला, भात लवकर पोटरीला आलं. आश्विनात एका पहाटे मी आमच्या वरच्या बांधावर गेले. फोन घरी ठेवला होता. उजाडू लागलं होतं आणि डोंगराच्या कडेला, करवंदीच्या जाळीजवळ, भात सळसळत होतं. वारा नव्हता. मी बसले आणि खरी दारू भरली. काथ्या ठासला, केप बसवली. उभी राहिले, नळी आभाळाकडे केली, खांद्याला दस्ता दाबला आणि चाप ओढला.

एवढा आवाज होतो हे इतकी वर्षं ऐकूनही मला माहीत नव्हतं. तो आधी खांद्याला लागला, मग कानाला, मग समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. धुरातून मी पाहिलं, जाळीजवळून पाच-सहा काळी धुडं एकामागून एक वर पळत सुटली. खाली वाडीत कुत्री भुंकायला लागली. कुणाचं तरी दार उघडलं आणि एक बाई ओरडली, "अगो, बारकाका आले काय?"

घरी येऊन मी आधी दिनेशला व्हिडिओ कॉल लावला. काका खाटेवर उशीला टेकून बसले होते, चेहरा निम्मा उतरलेला. मी भडाभडा सगळं सांगितलं. पहिल्या झटक्यात निघाला, डुकरं गेली, खांदा दुखतोय, पण ठीक आहे. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शाबास म्हणणं त्यांच्याकडून कधीच नव्हतं, पण निदान मान तरी हलवायची. मग त्यांनी डावा हात उचलला आणि हवेत काहीतरी ओतल्यासारखं केलं.

"चहा मागतायत," दिनेश म्हणाला. "आत्ताच दिला की, आबा."

काकांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. पुन्हा ओतल्यासारखं केलं. मग मूठ आवळून वर-खाली, वर-खाली. पुन्हा ओतलं. माझ्याही काही डोक्यात येईना. मी म्हटलं, "काका, भरताना काही चुकलं नाही, नळीला विचारलं होतं." त्यांनी डोळे मिटले आणि वैतागून पुन्हा तेच केलं. ओतलं, मूठ वर-खाली.

तेव्हा माझं लक्ष खुंटीकडे गेलं. बार काढून आल्यावर मी बंदूक तशीच टांगली होती. दारू जळली की नळीत काळी, ओलसर राख बसते, आणि ती त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन काढली नाही तर लोखंड खाते. रसायनांच्या प्रयोगशाळेत माझी अर्धी नोकरी झाली आहे, हे मला सुचायला हवं होतं. पण काकांनी मला ते शिकवलंच नव्हतं. शिकवणार कधी? मी बार कधी काढलाच नव्हता.

"धुवायची ना?" मी विचारलं. "नळी?"

काकांनी हात खाली टाकला, आणि ओठाच्या चालत्या बाजूने मोठा सुस्कारा सोडला.

मी पाणी तापत ठेवलं. फोन पडवीच्या खांबाला टेकवून उभा केला, बंदूक खाली काढली. पहिलं पाणी शाईसारखं काळं आलं, घाण वास सुटला. आई नाकाला पदर लावून दारात येऊन उभी राहिली आणि फोनमध्ये वाकून बघायला लागली. दुसरं पाणी राखाडी आलं. मी फडकं गजाला गुंडाळून वर-खाली घासत होते आणि मनातल्या मनात त्यांच्यावर चरफडत होते, की एवढ्या लांबून, वाचा गेलेली असताना, तिसऱ्या वेळी डोळे मिटून वैतागायची काय गरज होती. तिसरं पाणी स्वच्छ आलं. मी नळी कॅमेऱ्यासमोर धरली. काकांनी डोळे बारीक करून आत पाहिलं, चांगलं निरखून. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, आईकडे गेली. त्यांनी डावा हात पांघरुणाखाली घेतला नाही. तसाच वर ठेवला, आणि आई म्हणाली, "बरे आहात ना, भावजी?"